प्रथमोपचाराची पेटी : घरातली आणि वाटेवरची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तंजावर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास आणि नाट्यसंगीत असे भारदस्त विषय योजिलेले असताना मधेच कापूस, पट्टी आणि चिमटा यांविषयी बोलण्यास मला उभे करण्यात आले आहे. संगीतावरील कालच्या व्याख्यानानंतर माझा विषय म्हणजे पंचपक्वान्नांच्या ताटात काढ्याची वाटी. तरीही चिटणीसांनी आग्रह धरला, त्याला कारण आहे. आपल्यापैकी काहींची घराणी व्यंकोजी राजांच्या मागोमाग, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी येथे आली. काहीजण माझ्यासारखे नोकरीच्या निमित्ताने आले आणि येथलेच झाले. पण दोघांच्याही आयुष्यात प्रवास पुष्कळ. कोणाला पंढरपुरास जायचे असते, कोणाला तुळजापूरच्या कुलदेवतेला, कोणाला पुण्यात मुलीच्या बाळंतपणाला. आणि संकट आले म्हणजे रात्री-अपरात्री हाक मारावी असे सख्खे नात्यातले माणूस बहुधा हजार मैलांवर असते. अशा कुटुंबाला प्रथमोपचाराची पेटी इतरांपेक्षा अधिक लागते, आणि ती थोडी निराळीही लागते. ती निराळी कशी, हेच आज मला प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

आपल्याकडे या पेटीचा पूर्वज होता तो आजीबाईचा बटवा. सुंठ, ओवा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ. आणि शेजारी सहाण. येथील तमिळ घरांत त्यालाच ‘पाट्टी वैद्यम’ म्हणतात. पाट्टी म्हणजे आजी. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर येथे जो लेह्याचा गोळा हातावर ठेवतात, तोही त्याच बटव्यातला. या बटव्याची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. पोटात गुबारा धरला असता ओवा चावून बरे वाटले तर माझी काहीच हरकत नाही. मात्र बटव्याचे खरे बळ त्यातील मुळ्यांत नसून आजीत होते. कोणती पुडी कशाची, कोणाला किती द्यायची आणि केव्हा हात टेकून वैद्याला बोलवायचे, हे तिला ठाऊक असे. पुड्यांवर काहीही लिहिलेले नसे. कारण वाचणारी आणि देणारी एकच होती. आज आजी सोलापुरास असते आणि बटवा तंजावरास. या ताटातुटीतूनच पुढचे सारे प्रश्न निर्माण होतात.

वाटसरूच्या औषधाचा विचार या भूमीला नवा नाही, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांच्या हातून राज्यकारभार गेला, तेव्हा रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांचे काय होणार याची त्यांना काळजी लागली. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांची व्यवस्था सविस्तर वर्णिली आहे. सर्व जातींच्या यात्रेकरूंना तेथे अन्न मिळे. आजारी पडलेल्यास औषध आणि पथ्याचे जेवण देऊन तो बरा होईपर्यंत आदराने सांभाळीत. बाळंतिणीची शुश्रूषा होई, अनाथ मुलांचा प्रतिपाळ होई. आणि छत्रात रोगांवर, सुजेवर व सर्पविषावर उपचार जाणणारे वैद्य नेमलेले असत. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र ही नावे आपण ऐकली असतील. अनेक छत्रांना राजघराण्याशी संबंधित स्त्रियांची नावे आहेत. म्हणजे प्रवाशाला वाटेत काय काय होऊ शकते, याची यादी त्या काळी कोणीतरी शांतपणे बसून केली होती. ताप, सूज, साप, बाळंतपण. दोनशे वर्षांनंतर मी यादी करावयास बसलो, तर तिच्यात मोटारीचा अपघात, मधुमेह आणि हृदयविकार यांची भर पडेल. वगळण्यासारखे मात्र फारसे काही सापडणार नाही.

स्वतः सरफोजी राजे १८२० साली काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्यासमवेत सुमारे तीन हजार माणसे होती. राजधानीत त्यांचा धन्वंतरी महाल होता. तेथे देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींची औषधे सिद्ध होत, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी आणि त्यांसोबतची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहेत. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. या राजाने अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात रचवून घेतले. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते ग्रंथ पुढे ग्रंथालयाने छापले. राजा मराठी, दरबाराचे दप्तर मोडीत, बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास मराठीत. पण औषधाची कृती मात्र तमिळमध्ये, तीही पद्यात, म्हणजे गावोगावच्या वैद्याला ती मुखोद्गत करता यावी. वंशाची कीर्ती आपल्या भाषेत लिहावी आणि औषध रोग्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या भाषेत लिहावे, हा विवेक त्यात मला दिसतो. मोडीतील हजारो कागद आज वाचणाऱ्यांच्या प्रतीक्षेत आहेत. इतिहासाला प्रतीक्षा करणे परवडते, रोग्याला परवडत नाही.

हे मी केवळ अलंकारिक बोलत नाही. माझ्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात घडलेला प्रसंग सांगतो. घरच्या आत्याबाई सोलापूरहून येथे महिनाभरासाठी आल्या होत्या. वय सत्तरीपुढचे, मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. सूनबाई अत्यंत टापटिपीच्या. त्यांच्या कपाटात प्रथमोपचाराची अशी पेटी होती की एखाद्या लहान दवाखान्याने मत्सर करावा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूस सुवाच्य देवनागरीत सूचनांचा कागद. एके दिवशी मंडळी लग्नाला कुंभकोणमला गेली. आत्याबाईंनी सकाळचे इन्सुलिन घेतले, पण एकटीसाठी कोण पान मांडून बसणार म्हणून जेवण लांबविले. दुपारी घाम फुटला, हातपाय कापू लागले, बोलणे अडखळू लागले. घरात कामाला येणारी अम्मा तेवढी होती. आत्याबाई म्हणू लागल्या, ‘साखर... साखर...’

आता आपण सारे तमिळ जाणता. साखरेला येथे ‘सक्करै’ म्हणतात, आणि मधुमेहालाही बोलण्यात ‘सक्करै’च म्हणतात. त्या बिचाऱ्या अम्माने असा अर्थ घेतला, की या पाहुण्या आपल्याला साखरेचा आजार असल्याचे सांगत आहेत. तिने समजूतदारपणे मान डोलावली आणि बिनसाखरेची कॉफी करून आणली. शब्द तोच, माणूस प्रेमळ, साखरेचा डबा हाताच्या अंतरावर, आणि आत्याबाई बेशुद्धीकडे चाललेल्या. अम्मा घाबरून शेजारी धावली, शेजाऱ्यांनी १०८ क्रमांकाला दूरध्वनी केला, इस्पितळात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांतच त्यांनी डोळे उघडले. सर्व सुखरूप पार पडले म्हणून आज त्या घरात ही गोष्ट हसत सांगितली जाते. पेटी मात्र त्या दिवशी कपाटात कुलूपबंद होती, किल्ली सूनबाईंच्या कमरेला, आणि सूचना अम्माला न येणाऱ्या लिपीत.

म्हणून माझ्या यादीत पहिला क्रमांक कापसाचा नाही, आयोडिनाचाही नाही. तो एका कागदाचा आहे. घरातील प्रत्येक माणसाच्या नावाचा एक जाड कागद, तमिळ, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही लिपींत. नाव, वय, असलेले आजार, कोणते औषध सोसत नाही, रोजची औषधे व त्यांचे प्रमाण, आणि कोणाला कळवावे. औषधाचे व्यापारी नाव लिहून भागत नाही. तंजावरात एका नावाने मिळणारी गोळी मिरजेला त्या नावाने मिळेलच असे नाही; म्हणून वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ द्रव्याचे नाव उतरवून घ्यावे. मधुमेह्याच्या कागदावर ठळक लिहावे : ‘घाम, थरथर, भ्रम असल्यास, शुद्ध असेपर्यंत, तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत उतार नसल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे, १०८ ला कळवावे.’ आणि हे वाक्य तमिळमध्ये आधी, मराठीत नंतर. आपल्या मायबोलीचा यात काही अपमान होत नाही.

आता प्रत्यक्ष पेटीकडे वळू. ती हलकी, घट्ट झाकणाची, लहान मुलांच्या हाती न लागेल अशा उंचीवर, परंतु कुलपाविना असावी. घरातल्या सर्वांना, कामाच्या माणसांनाही, तिची जागा ठाऊक असावी. तिच्यात निर्जंतुक जाळीदार कापडाच्या घड्या, गुंडाळीच्या पट्ट्या, चिकटपट्टी, तयार लहान पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोजे, तापमापक, पोव्हिडोन आयोडिन आणि एक विजेरी. त्रिकोणी झोळी ठेवावी. पण जर्मन शल्यविशारद एस्मार्क यांनी एकोणिसाव्या शतकात सैनिकांसाठी रूढ केलेल्या या झोळीचे काम आपले उपरणेही उत्तम करते, एवढे सांगून पुढे जातो. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि दहा मिनिटे, घड्याळ पाहून, उचलून बघू नये. हे उचलून बघणेच फार. अमृतांजनाची पिवळी बाटली ज्यांना हवी त्यांनी जरूर ठेवावी. १८९३ साली मुंबईत जन्मून १९१४ मध्ये मद्रासेत स्थायिक झालेले ते औषध असल्याने आपल्या मंडळाचे ते सन्माननीय सभासदच म्हणावयास हवे. कपाळाखेरीज जखमेवर वगैरे मात्र त्याचा प्रयोग करू नये.

भाजण्यावर पेटीतील कोणतीही वस्तू लावण्याआधी नळ सोडावा. रस्सम् अंगावर सांडो, की दिवाळीचा भुईनळा हातात फुटो, भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ नको, शाई नको, हळद नको, दंतमंजनही नको. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. मग स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाकावे. फोड फोडू नयेत. चेहरा, हात किंवा मोठा भाग भाजला असल्यास, आणि लहान मूल असल्यास, इस्पितळ गाठावे.

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत थोर औषध म्हणजे जलसंजीवनीची पुडी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपांतून भरून नातलगांच्या हातून रोग्यांना पाजविले. शंभरातील सुमारे तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारांच्या खाली आले. साखर आतड्यातून रक्तात जाताना मिठाला हाताला धरून नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, एवढेच त्यातील मर्म. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, आणि साखरेशिवाय मीठही पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे साडेवीस ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात पूर्णच घालावयाची असते. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर मुलाला अपाय होतो, यास्तव चमचा सुरीने सपाट करावा. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा पाजावे. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, मूल पेंगू लागले किंवा शौचातून रक्त आले, तर मात्र घरी थांबू नये.

कावेरीच्या खोऱ्यात भातशेती आहे, भात आहे म्हणून उंदीर आहेत, उंदीर आहेत म्हणून साप आहेत. सर्पदंशाकरिता पेटीत काय ठेवावे, असे मला वारंवार विचारतात. रुंद पट्टी आणि आधाराला फळी, याखेरीज काही नाही. काप देऊ नये, विष चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. रोग्याला धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवावा, आणि त्याला चालू न देता वाहनातून इस्पितळात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडील प्रतिविष चालते; कोणता साप होता याच्या शोधात वेळ दवडू नये. हे प्रतिविष घरी ठेवण्याची वस्तू नव्हे, कारण ते देतानाच कधीकधी प्राणावर बेतणारी प्रतिक्रिया येते. त्यासाठी लागणारे विष बव्हंशी चेन्नईजवळील वडनेम्मेली येथे १९७८ साली स्थापन झालेली इरुळा आदिवासींची सहकारी संस्था पुरविते, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

विंचवाचे तर एक गमतीचे नाते आहे. कोकणात ज्या लाल विंचवाने पिढ्यान्पिढ्या माणसे मारली, त्याचे शास्त्रीय नाव १७९८ मध्ये फॅब्रिशियसने ठेवले ते ‘टॅम्युलस’, म्हणजे तमिळ देशचा. आणि त्यावरचा उतार सापडला महाडला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशावर वापरून मृत्यूचे प्रमाण कमालीचे खाली आणले. त्या गोळीचे प्रमाणही वैद्यानेच ठरवावयाचे. घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच, विशेषतः मुलांना, विनाविलंब न्यावे.

औषधांपैकी तापासाठी पॅरासिटॅमॉल पुरे. प्रौढास एका वेळी पाचशे मिलिग्रॅम ते एक ग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसाकाठी चार ग्रॅमपेक्षा अधिक नाही. मुलांस वजनाप्रमाणे, डॉक्टरांना एकदा विचारून कागदावर लिहून ठेवावे. डेंग्यूचे दिवस असताना तापात अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तीच अ‍ॅस्पिरिन छातीत कळ येणाऱ्या प्रौढाला चावून खावयास सांगितली जाते. म्हणून ती पेटीत असावी, पण १०८ वरील किंवा आपल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून द्यावी. मागच्या आजारातील उरलेली प्रतिजैविके आणि डोळ्यांचे थेंब यांना पेटीत जागा नाही. उघडलेली थेंबांची बाटली चार आठवड्यांनंतर फेकून द्यावी. काटकसर हा आपला मोठा गुण आहे, पण तो डोळ्यांवर चालवू नये.

प्रवासाची पेटी घरच्या पेटीतून काढून न्यावयाची नसते. ती स्वतंत्र असावी, नाहीतर परतल्यावर निम्म्या वस्तू पिशवीतच राहतात. तिच्यात रोजची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची अधिक, मूळ वेष्टनात. गाडी चुकते, यात्रेत मुक्काम वाढतो. चेन्नईहून मुंबईपर्यंतचाच आगगाडीचा प्रवास एका दिवसाच्या घरात जातो, त्यात तंजावर ते चेन्नईची रात्र मिळवा. ही पेटी बाकाखालच्या ट्रंकेत न ठेवता हाताशी ठेवावी. इन्सुलिन बर्फाला लागू देऊ नये, आणि उन्हात उभ्या मोटारीत तर मुळीच ठेवू नये. ओल्या कापडात गुंडाळलेले लहान मडके आपल्या उन्हाळ्यात चांगले काम देते. गाडीत कोणी आजारी पडल्यास १३९ या क्रमांकावर कळविता येते, आणि गार्डाजवळ प्रथमोपचाराची पेटी असते.

पेटी वर्षातून दोनदा उघडून तारखा तपासाव्यात. मी घरी पाडव्याला आणि खंडेनवमीला तपासतो. नवमीच्या दिवशी येथे सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा एकदमच असते. पुस्तके, कात्री, मोटार, सारे गंधाक्षता लेवून बसते. त्यांच्या पंक्तीला ही पेटीही मांडावी, आणि पूजेआधी तिच्यातील जुन्या गोळ्या काढून टाकाव्यात.

सभागृहाच्या मागील मेजावर तीन लिपींतले कोरे कागद छापून ठेवले आहेत. तमिळ मजकूर येथील दोन शिक्षिकांनी तपासून दिला आहे. प्रत्येकाने घरातील माणसांइतके कागद न्यावेत, आणि पाहुणे येणार असतील तर दोन अधिक न्यावेत. ज्यांना तमिळ लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमच्या युवक शाखेची मुले तेथे लेखणी घेऊन बसली आहेत.